तुम्ही विचारलंत म्हणून: लेझर कशाला?

"गणपतीत पोलिसांनी ज्याच्यावर बंदी घातली, तोच लेझर तुम्ही आकाशात का सोडता?" गॅमा किरण टिपणाऱ्या दुर्बिणी लेझरने तपासणं हे माझं काम. पुण्यात मी त्याचं नाव काढलं की हाच प्रश्न येतो. एकदा नीट सांगतो.

गॅमा किरण म्हणजे अवकाशातून येणारा, प्रचंड ऊर्जेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत. ते हवेत वरच आदळतात, त्यातून कणांचा वर्षाव होतो आणि त्या वेगवान कणांमुळे 'चेरेनकोव्ह' नावाचा निळसर प्रकाश काही नॅनोसेकंद चमकतो. लडाखमधल्या हानलेची 21 मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण असो की नामिबियातल्या 'हेस'च्या दुर्बिणी, सगळ्या तोच टिपतात. म्हणजे हवा हा उपकरणाचाच भाग, आणि ती रोज बदलते. आरशांवर धूळ बसते ती वेगळीच. ठरावीक ऊर्जेचा गॅमा किरण वरून सोडून दुर्बीण तपासायची सोय जगात कुठेच नाही. म्हणून काही अंतरावरून अतिनील लेझरचा झोत सरळ वर सोडायचा. हवेचे रेणू तो किती विखुरतात याचं गणित पक्कं आहे. तितका प्रकाश प्रत्येक दुर्बिणीने मोजला का, ते ताडून बघायचं. कॉस्मिक किरणांसाठी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांसाठी, अर्जेंटिनातली पिएर ओझे वेधशाळा 2003 पासून हेच करते, 355 नॅनोमीटरच्या लेझरने.

2023च्या विसर्जन मिरवणुकीत माझ्या भाच्याच्या डाव्या डोळ्यात हिरवा झोत गेला. दोन्ही डोळे उघडे असताना त्याला फारसं काही जाणवत नव्हतं. डॉक्टरांनी चौकटींचा कागद समोर धरला, उजवा डोळा झाकायला सांगितलं. रेषा वाकड्या झाल्या, आणि मधला ठिपका त्याला सापडेचना. बोट फिरवत तो शोधत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुझ्याकडे पण हेच मशीन असतं ना?" मी बोलत सुटलो: तरंगलांबी वेगळी, झोत सरळ वर, ओसाड माळावर, गर्दीत कधीच नाही. ताई म्हणाली, "आधी त्याच्या डोळ्यात ड्रॉप्स घाल."

आमचाही झोत डोळ्यात गेला तर इजा करेल. हे मी लपवत नाही. पण माणसांच्या तोंडावर झोत फिरवणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका.

पूर्वी मीच म्हणायचो, लेझर हवाय कशाला? म्युऑन हे त्या वर्षावातलेच कण; त्यांच्या प्रकाशाची वर्तुळं कॅमेऱ्यात फुकट मिळतात, त्यावरून आरसा आणि कॅमेरा तपासता येतो. ते आजही खरं आहे. पण म्युऑनचा प्रकाश शेवटच्या काहीशे मीटरमधूनच येतो, वरच्या हवेबद्दल तो काही सांगत नाही. यावर तो जुना मी विचारतो: लेझरची तरंगलांबी एकच, मग चेरेनकोव्हच्या बाकीच्या रंगांचं काय? याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या मोजमापात साधारण 15 टक्के अनिश्चितता अजून आहे, आणि ती कमी करायला मला लेझर हवाच आहे.