खडू, पहार आणि आमचा डांबरी रस्ता

‘वरून एक थर मारून घेऊ, विषय संपला,’ असं आमच्या ह्यांनी व्हरांड्यातून जाहीर केलं, तेव्हा मी भर पावसात फाटकापाशी छत्री धरून उभी होते. रस्ता म्हणजे आमचाच, फाटकापासून गॅरेजपर्यंतचा ड्राइव्हवे. २४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, वय १९ वर्षं. राखाडी पडलेला. झाडायला घेतला की केरात रोज मूठभर बारीक खडी यायची. आणि फाटकाजवळ तर भेगांचं असं जाळं झालेलं, की मगरीची पाठच पसरून ठेवलीय.

विषय इतक्या लवकर संपणार नाही, हे मला ठाऊक होतं, कारण तो एकदा मीच ‘संपवला’ होता. दोन वर्षांपूर्वी हौसेने अख्ख्या रस्त्यावर सीलकोट मारून घेतला. काळाकुळकुळीत, देखणा दिसला. पुढच्या पावसात सगळ्या भेगा होत्या तिथेच, होत्या तशाच वर आल्या. सीलकोट म्हणजे नुसता लेप. चांगल्या रस्त्याचं ऊन-पाण्यापासून थोडंफार रक्षण करतो, पण रस्त्याला ताकद देत नाही. माझं म्हणजे वरून कीर्तन आतून तमाशा झालं. ह्यांनी तेव्हा एक शब्द काढला नाही, म्हणून यंदा मीही जरा सबुरीने घ्यायचं ठरवलं.

तर तीन ठेकेदार बोलावले. पहिला गाडीतून उतरलाच नाही. काच खाली करून म्हणाला, ‘दीड इंच टाकून देतो, दोन दिवसांत मोकळे.’ दुसऱ्याने दोन फेऱ्या मारल्या आणि सगळं उखडायचं सांगितलं. त्याचा आकडा पहिल्याच्या अडीचपट. तिसरा वयस्कर. त्याने गाडीतून पहार काढली आणि आधी विचारलं, ‘ताई, पाऊस पडल्यावर पाणी किती वेळ राहतं?’ मला उत्तर देता येईना. १९ वर्षं त्या रस्त्यावरून जातेय! म्हणून ती छत्री.

पाण्याने बरंच सांगितलं. गॅरेजकडचा भाग अर्ध्या तासात कोरडा. मधल्या भागात दोन ठिकाणी बशीएवढी तळी. फाटकाजवळ मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओल, आणि भेगांच्या कडेने पिवळट चिखलाचे डाग. गाडी गेली की ते ठळक व्हायचे. टायरचं वजन पडलं की थराखाली साठलेलं पाणी भेगेतून वर फुटतं आणि येताना पायातली बारीक माती घेऊन येतं. म्हणजे दर फेरीला आमचीच गाडी आमच्याच रस्त्याचा पाया चमचा-चमचा उपसत होती.

मग मी खडू घेतला. रस्त्यावर एक-एक मीटरचे चौकोन आखले, एकूण ७२. नुसती बारीक, एकेरी भेग असेल तर टिंब. जाळं, खड्डा किंवा दबलेलं असेल तर फुली. फुल्या आल्या १९. ठेकेदार मंडळींचा एक ढोबळ आडाखा असतो की पाव भागापर्यंत खराब असेल तर थर चालतो, तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेलं तर उखडा. आमचं आलं सव्वीस टक्के. ना इकडचं ना तिकडचं. पण फुल्या होत्या कुठे ते बघा. १५ फुल्या फाटकाजवळच्या पहिल्या ६ मीटरमध्ये, म्हणजे तिथल्या १८ चौकोनांपैकी १५! उरलेल्या चार इकडेतिकडे. टक्केवारीत हे दिसलंच नसतं. खडूने दाखवलं.

इथे जरा थांबते, कारण सगळा निर्णय या एका गोष्टीवर आहे. आपण ‘डांबर’ म्हणतो, पण त्या थरात वजनाने जवळजवळ ९५ टक्के खडी आणि वाळू असते, डांबर जेमतेम ५ टक्के. ते खडीला धरून ठेवतं. ऊन आणि हवा खाऊन खाऊन ते कडक होतं, मग रंग राखाडी पडतो, खडी सुटते, एकेरी भेगा पडतात. हे वरचं म्हातारपण. त्याला भेगा भरून वरून नवा थर बरोबर आहे. पण मगरपाठ ही वरची गोष्ट नव्हे. खालचा पाया दबतो, थर दर गाडीला वाकतो, आणि तार मागेपुढे वाकवून तुटावी तसा तुटतो. त्याच्यावर दीड इंच टाका नाहीतर दोन, नवा थरही तसाच वाकणार. शिवाय जुनी भेग वरच्या थरातून पुन्हा डोकं काढतेच.

तिसऱ्या ठेकेदाराने दोन खड्डे घेतले. मधल्या भागातला आधी. वर पाच सेंटिमीटर डांबरी थर, खाली खडी. पहार मारली की खणखणीत आवाज, खडी कोरडी, एकमेकांत घट्ट अडकलेली. फाटकाजवळ तोच पाच सेंटिमीटरचा थर हाताने उचकटून निघाला, पापडासारखा. खाली खडी होती, पण तिच्यात चिकणमाती अशी मिसळलेली की मी अंगठा दाबला तर नखापर्यंत आत गेला. त्या खळग्यात माझ्या डोळ्यांदेखत पाणी पाझरायला लागलं. त्या दिवशी पाऊस नव्हता.

‘हे पाणी येतंय कुठून?’ ठेकेदाराने भिंतीकडे मान वळवली. छपराचं पाणी उतरवणारा पाइप. सगळ्या घराचं पाणी रस्त्याच्या कडेला सोडत होता, आणि ते उताराने फाटकाकडे जाऊन तिथे मुरत होतं. फाटकाशी सामानाचे ट्रकही वळतात. पाणी आणि वजन, दोन्ही एकाच जागी.

ह्यांचं म्हणणं, ‘रस्त्याचा खर्च काढायला बसलो, तर तू पाइप कापायला निघालीस.’ निघालेच. सगळ्यात स्वस्त काम तेच होतं आणि ते आधी केलं नसतं, तर बाकीचा पैसा मातीत गेला असता, अक्षरशः.

शेवटी आम्ही मधला मार्ग काढला, पण तो ‘मधला’ म्हणून नव्हे. फाटकाकडचे ६ मीटर मुळापासून काढले. चिकणमाती खणून फेकली, नवी खडी दोन थरांत टाकली, प्रत्येक थरावर वेगळी दबाई. (एकदम जाड थर टाकून वरून रोलर फिरवला तर वरचं दबतं, खालचं भुसभुशीतच राहतं.) उरलेल्या १८ मीटरमधल्या चार फुल्या कापून दुरुस्त केल्या, एकेरी भेगा भरल्या आणि मग सगळ्या रस्त्यावर एकसलग नवा थर.

एक गोष्ट मात्र पहिल्या दोघांनी काढलीच नव्हती: उंची. पाच सेंटिमीटरचा थर टाकला की रस्ता पाच सेंटिमीटर वर येतो. आमच्या गॅरेजचा उंबरा रस्त्यापेक्षा अडीच सेंटिमीटर उंच. म्हणजे तो स्वस्तातला थर आधी मारला असता, तर पुढच्या पावसात गाडी पाण्यात आणि ठेकेदार फोनबाहेर. म्हणून गॅरेजजवळचा पट्टा आधी यंत्राने खरवडून खाली नेला, नवा थर उंबऱ्याखालीच राहील असा. उतारही दोरी लावून तपासला, दर मीटरला दोन सेंटिमीटर, घरापासून बाहेर.

प्रत्यक्ष डांबरीकरण एका सकाळीच झालं. आधी टॅक कोट फवारतात, जुना-नवा थर चिकटावा म्हणून. तो तपकिरी असतो, पाणी उडून गेलं की काळा होतो. तो काळा व्हायच्या आत हे चपला घालून बघायला गेले. व्हरांड्यातली पावलं अजून निघालेली नाहीत. मालाचा ट्रक आला तेव्हा त्या वयस्कर गृहस्थांनी ढिगात थर्मामीटर खुपसला, दीडशे अंशांच्या आसपास. थंड माल दबत नाही, म्हणून पसरणारे आणि रोलरवाला यांच्यात कुणी चहालाही थांबत नव्हतं. कडा तिरक्या ठोकून घेतल्या आणि बाजूने माती लावली, कारण आधार नसला की कड आधी ढासळते.

हिशेब म्हणाल तर सगळं उखडण्याच्या जवळजवळ साठ टक्के खर्च आला. जिथे नवा पाया जुन्याला भेटतो तो सांधा हा कच्चा दुवा राहणार, हे मला सांगितलेलं आहे. तिथे मी नजर ठेवून आहे.

गाडी तीन दिवस बाहेर ठेवायची होती. ठेवली. चौथ्या दिवशी ह्यांनी ती आत घेतली आणि जागेवर उभी असतानाच स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. नवा थर अजून मऊ असतो हे त्यांना तीनदा सांगितलं होतं. टायरखाली ताटलीएवढा खरवडलेला गोल उमटला. मी काही बोलले नाही. खडू आणला, त्याभोवती रेघ ओढली आणि शेजारी तारीख लिहिली.