स्वतः बांधलेल्या गाडीतून स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर

माझी गाडी कारखान्यातून आलेली नाही. इंग्लंडच्या मिडलँड्स भागातील आमच्या घराच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून परतल्यानंतरच्या संध्याकाळी, ती थोडी थोडी करून उभी राहिली. तिची घडण लोटस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली बाजारात आणलेल्या 'सेव्हन' या गाडीच्या वळणाची आहे: लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे लांबलचक बॉनेट, मागच्या चाकांना खेटून दोन आसने, आणि दरवाजे अजिबात नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढून घेतले, कारण त्या गाडीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असते, ताकद मागच्या चाकांना जाते आणि तिचे सुटे भाग ब्रिटनमध्ये सहज मिळतात. या उन्हाळ्यात मी आणि माझ्या नवऱ्याने तिच्यातून 'नॉर्थ कोस्ट ५००' हा इन्व्हर्नेसपासून निघून पुन्हा तेथेच येणारा ५१६ मैलांचा मार्ग पूर्ण केला.

घरी गाडी बांधण्याची ब्रिटनमधील परंपरा करामुळे रुजली. तयार मोटारीवर त्या काळी खरेदी कर लागत असे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे, म्हणून सेव्हन अनेकांनी घरीच जोडली. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या ब्रिटिश कंपनीकडे गेले. जोडण्याची हौस मात्र टिकली. आज अशी गाडी रस्त्यावर आणण्यासाठी 'आयव्हीए' नावाची एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. तीत ब्रेक, दिवे, धूर आणि आवाज तर पाहतातच, शिवाय हात लागू शकेल अशा कडांची गोलाईसुद्धा मोजतात. ही सोय मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था चाचणी घेतात ती उत्पादकाने सादर केलेल्या नमुन्याची. एकट्या माणसाने घरी बनवलेल्या एका गाडीसाठी तशी सुटसुटीत वाट नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कारागिराने भंगारातून चारचाकी तयार केली, तेव्हा आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ मध्ये ती त्या कारागिराला मिळालीही. त्या कौतुकाने आनंद झाला, पण अशा हातांना स्वतःची गाडी रीतसर रस्त्यावर आणता यावी, असे मला मनापासून वाटते.

मिडलँड्सहून इन्व्हर्नेसपर्यंतचा महामार्ग हा प्रवासातील सर्वांत कठीण भाग होता. या गाडीत आपण इतके खाली बसतो की हात बाहेर काढला तर रस्त्याला टेकतो, आणि शेजारून जाणाऱ्या मालट्रकचे चाक डोळ्यांच्या पातळीवर फिरत असते. वाऱ्याच्या आवाजामुळे कानात बोळे घालावेच लागतात. पाऊस आला तरी गाडी वेगात असेपर्यंत काचेवरून उसळलेला वारा पाणी डोक्यावरून नेतो. वाहतूक थांबली की मात्र दोन मिनिटांत मांडी भिजते. ए-९ रस्त्यावर डनब्लेनच्या पुढे सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, त्यामुळे तेथे एका संथ लयीत चालवत राहावे लागते, आणि ती लय या इंजिनाला मानवली.

खरी कसोटी ब्यालख-ना-बाच्या घाटात होती. समुद्रसपाटीपासून थेट ६२६ मीटरपर्यंत जाणारा हा रस्ता एका वेळी एकच वाहन जाईल इतका अरुंद आहे. काही ठिकाणी चढ पाचास एक, म्हणजे पाच मीटर पुढे जाताना एक मीटर वर, इतका होतो आणि माथ्याजवळ एकामागून एक तीव्र वळणे येतात. पायथ्याच्या फलकावरच शिकाऊ चालकांना, खूप मोठ्या वाहनांना आणि कॅराव्हॅनना येथून न जाण्याची सूचना आहे. समोरून वाहन आले की कुणीतरी 'पासिंग प्लेस'च्या फुगवट्यात थांबायचे, दुसऱ्याने हात वर करून आभार मानायचे, असा तेथला शिष्टाचार आहे. अशा थांब्यांमुळे वाऱ्याचा झोत रेडिएटरला मिळत नाही, म्हणून माझे अर्धे लक्ष तापमानाच्या काट्यावर होते. काटा चढला, पंखा सुरू झाल्याची घरघर पायांशी ऐकू आली, आणि काटा परत खाली आला. त्या पंख्याची तार मी स्वतः ओढली होती. ती घरघर ऐकून मला जो आनंद झाला, तो माथ्यावरून रासे आणि स्काय ही बेटे दिसली तेव्हाच्या आनंदापेक्षा कमी नव्हता. पलीकडे ॲपलक्रॉसला उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवते; सहाशे किलोंच्या गाडीला ब्रेक तापवावे लागत नाहीत.

लांबच्या प्रवासात रोज सकाळचे एक काम ठरलेले होते. जोडणीच्या वेळी प्रत्येक महत्त्वाचा नट ठरलेल्या ताकदीने आवळल्यावर मी त्यावर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली होती, अशी की ती नटावरून सरळ शेजारच्या पत्र्यावर उतरते. नट तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. बॉनेट पूर्ण उचलून बाजूला ठेवायचे, गुडघ्यावर बसून विजेरीने एकेक रेघ पाहायची, मग खाली आडवे होऊन मागची बाजू पाहायची. स्कौरी गावाजवळच्या मुक्कामात सायलेन्सरच्या पट्टीवरील रेघ तुटलेली सापडली. आदल्या दिवशी क्यायलस्क्यूचा वक्राकार पूल ओलांडल्यापासून मला डाव्या कोपराजवळ एक बारीक थरथर जाणवत होती. नवरा म्हणत होता की ती रस्त्याची आहे. पट्टी आवळली आणि थरथर गेली. विकतच्या गाडीत ही थरथर कुणाला जाणवलीही नसती, कारण ती पोहोचू नये म्हणूनच तिच्यात रबर, गादी आणि कापूस भरलेला असतो. या गाडीत प्रत्येक आवाज मालकाशी बोलतो, आणि मला तो ऐकायला आवडतो.

डरनेसपासून जॉन-ओ-ग्रोट्सपर्यंतच्या उत्तर किनाऱ्यावर रस्ता मोकळा होत जातो, आणि ज्या हलक्या सुकाणूसाठी ही गाडी बांधली ते तेथे मनसोक्त अनुभवले. मात्र हलकेपणाची एक किंमतही असते. दीड टनाच्या गाडीत दोन माणसे, सामान आणि पेट्रोल मिळून भार फारसा वाढत नाही. माझ्या गाडीत तोच भार तिच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश होतो, आणि त्यातील पेट्रोलची टाकी व सामान अगदी मागच्या आसावर येते. त्यामुळे खडबडीत रस्त्यावर मागचा भाग खाली बसून आपटत असे. या हिवाळ्यात मागच्या स्प्रिंग थोड्या कडक घालायच्या आहेत, शॉक ॲब्सॉर्बर त्यांना जुळवून घ्यायचे आहेत, आणि सामानाची पिशवी आसाच्या पुढे सरकवता येते का ते पाहायचे आहे. ते जमले, तर पुढच्या खेपेस स्क्रॅब्स्टर बंदरातून बोटीवर गाडी चढवून ऑर्कनीला जाऊ.