त्रैवार्षिक आराखडा: आधी शाळेचे दिवस मोजा

स्वयंसेवी संस्थांच्या नियोजन बैठकीचा पहिला दिवस ध्येयवाक्यात ‘सबलीकरण’ घालायचं की ‘सक्षमीकरण’ यात जातो. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर कुणीतरी ‘तीन वर्षांत शंभर शाळा’ म्हणतं, आणि इतिवृत्तात तेच उतरतं. शंभरच का, हे कुणी विचारत नाही.

समजा, संस्था वाचन शिकवते. सहा पूर्णवेळ कार्यकर्ते, एक तालुका, जिल्हा परिषदेच्या शाळा, तिसरी ते पाचवीची मुलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या वर्गांना वर्षाला किमान 200 दिवस शाळा हवी. त्यातून परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, गुरुजींची प्रशिक्षणं आणि निवडणुकीची कामं वजा करा. ऊसतोडीच्या पट्ट्यात तर दिवाळीनंतर मुलंच आईबापाबरोबर कारखान्याकडे निघतात. हाती 120 दिवस आले तरी खूप. एका शाळेला आठवड्यातून तीन दिवस द्यायचे, तर शनिवारची अर्धी शाळा धरून एका कार्यकर्त्याला दोन शाळा झेपतात. सहा जणांच्या बारा.

मग शंभर कशा? वर्ग गुरुजींनीच घ्यायचा आणि कार्यकर्त्याने पंधरवड्यातून एकदा जायचं असं ठरवलं, शनिवार बैठकीला राखला, तर एकाच्या दहा भेटी होतात. सहा जणांच्या साठ. तरी शंभर नाहीतच. शिवाय हा कार्यक्रमच वेगळा झाला: आता तुम्ही मुलांना नाही, शिक्षकांना शिकवताय. माणसं वेगळी लागतील, साहित्य वेगळं लागेल. बैठकीचे दोन दिवस खर्च करायचे ते या निवडीवर. ध्येयवाक्याला अर्धा तास पुरे.

‘वाचन सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘प्रथम’ ही शिक्षणात काम करणारी संस्था 2005पासून ‘असर’ या खेड्यांतल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत वापरते त्या पायऱ्या उपयोगी आहेत: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावा. 360पैकी 90 मुलं गोष्ट वाचत असतील, तर लिहा: मार्चअखेर याच 360पैकी 220. आणि चाचणी घेणारा दुसऱ्या शाळेचा कार्यकर्ता असावा.

‘याच’ हा शब्द सोडू नका. शेवटच्या चाचणीला गैरहजर राहिलेली मुलं एकूण संख्येतून गळतात आणि टक्केवारी आपोआप फुगते, तीही कुणी लबाडी न करता. बहुतेकदा ती कच्चीच मुलं असतात. दुसरी गडबड गोष्टीची. वर्षभर तोच कागद वापरला की मूल तो पाठ करतं. बोट दुसऱ्या ओळीवर, तोंडात चौथी ओळ. गोष्टीचे किमान तीन संच हवेत.

सुधारणा तुमच्यामुळेच झाली का, हा प्रश्न देणगीदाराआधी स्वतःला विचारावा. ‘सर्च’ या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेने गडचिरोलीत घरच्या घरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला तो 39 गावांत, आणि तुलनेला 47 गावं मोजली. म्हणून 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या त्यांच्या आकड्यांना वजन आलं. छोट्या संस्थेला एवढं झेपणार नाही, पण पुढच्या वर्षी घ्यायच्या तीन शाळांची यंदाच चाचणी करणं अवघड नाही.

पैशाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, शाळा जूनमध्ये. कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या निधीचा) करार सप्टेंबरात झाला, तर जुलैची चाचणी हुकली आणि वर्षभराचं मोजमाप गेलं. जून ते ऑक्टोबरचे पगार स्वतःच्या गंगाजळीत हवेत: सहा जण, दरमहा 18,000, पाच महिने, म्हणजे 5,40,000 रुपये. तेवढे नसतील तर बारा नाही, सहाच शाळा घ्या, आणि तीन कार्यकर्ते ठेवा.

मधली चाचणी दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या, नंतर नको. सुट्टीनंतर पट पुन्हा भरायला दोन आठवडे जातात, आणि ऊसतोडीची मुलं तर तोवर निघून गेलेली असतात.