तुम्ही विचारलंत म्हणून: निवृत्त होणारा माणूस आधी फौजेत, मग पोलिसांत होता, तर त्याच्या मानपत्रात लिहायचं काय?

सातारा-सांगलीकडून हा प्रश्न मे महिन्यात हटकून येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली 1 जून ही जन्मतारीख आपल्याकडे घरोघरी आहे. एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे 58 वर्षं भरलेल्या पोलिसांची 31 मेला रांगच लागते. त्यात लग्नसराई, म्हणजे मंडप नाही आणि आचारीही नाही. शिवाय ठाण्यातला निरोप लांबतोच. गावचा सत्कार पुढच्या रविवारी ठेवा.

मानपत्रातून 'कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय' आधी काढून टाका. त्याऐवजी दोन कागद समोर घ्या: फौजेचं डिस्चार्ज बुक आणि पोलीस खात्यातला सेवापट, म्हणजे नोकरीच्या नोंदींचा कागद. पहिल्यात युनिट, भरतीची तारीख, शेवटचा हुद्दा, पदकं. दुसऱ्यात नेमणुका, बढत्या, बक्षिसं. सेवापट खात्याकडे असतो, तेव्हा नोंदी दोन-तीन आठवडे आधीच उतरवून घ्यायला सांगा.

खरा घोळ हुद्द्यांत होतो. हवालदार फौजेत असतो, तसा पोलिसांतही. लिहिणारा दोन्ही एकत्र करतो आणि 'शिपाई ते हवालदार' अशी एकच सरळ चढण दाखवतो. प्रत्यक्षात माणूस फौजेत हवालदार होऊन पेन्शनवर येतो, पोलीस भरतीत उतरतो आणि पुन्हा शिपाई होतो. छत्तिशीत, पंधरा वर्षांनी लहान पोरांसोबत पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा परेड. काल हुकूम देणारा आज हुकूम ऐकतो. अख्ख्या मानपत्रात सांगण्याजोगं हेच असतं, आणि नेमकं तेच कमीपणाचं समजून गाळलं जातं. दोन्ही नोकऱ्यांचे वेगळे परिच्छेद करा, तारखांसह. शिपाई आणि हवालदार यांच्या मधलं पोलीस नाईक हे पद आता राहिलेलं नाही, पण त्यांनी ते भूषवलं असेल तर लिहा.

पदकं वाढवू नका. दीर्घ सेवेचं पहिलं पदक 9 वर्षांचं, पुढचं 20 चं. सतरा वर्षं फौजेत काढलेल्याच्या नावावर दुसरं लावलंत, तर समोर बसलेले माजी सैनिक रिबन बघूनच ओळखतात. स्वतःची पदकं छातीवर डावीकडे लावायची. शहीद वडिलांची मुलगा लावणार असेल, तर उजवीकडे.

खाकीवर फेटा बांधू नका. फेट्यासाठी टोपी उतरली की वर्दीतला माणूस सॅल्यूट करत नाही, आणि फोटोवाला तर सॅल्यूटच मागणार! साधे कपडे घातल्यावर फेटा, शाल, हार काय ते करा. टेबलावर तिरंगा अंथरणं तर मुळीच नको.

भाषणात तुकाराम ओंबळे यांचं, 26/11 च्या मुंबई हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना शहीद झालेल्या पोलिसाचं नाव निघतंच, आणि निघावं. पण नीट सांगा: जावळी तालुक्यातलं केडंबे गाव, लष्कराचं सिग्नल कोअर, 1991 मध्ये मुंबई पोलीस, 2009 मध्ये मरणोत्तर अशोकचक्र. 26/11 च्या रात्री ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. अनेक वक्ते 'हवालदार' म्हणून मोकळे होतात.

घरच्या बाईचा सत्कार त्याच व्यासपीठावर, त्याच वेळी करा. सगळं उरकल्यावर साडी हातात देणं बरं दिसत नाही.

छापण्याआधी मजकूर सत्कारमूर्तींनाच वाचायला द्या. युनिटचा नंबर ते दुरुस्त करतीलच, शिवाय कोर्टात चालू असलेल्या एखाद्या गुन्ह्याचा किंवा खबऱ्याचा उल्लेख राहिला असेल, तर तोही काढायला लावतील.