वॉर्डातला कंडक्टर

दसरा झाला की आमच्या वॉर्डातले बेड रिकामे व्हायला लागतात. पोरं बरी झाली म्हणून नाही, आईबाप ऊसतोडीला निघतात म्हणून. मी संभाजीनगरला एका सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात समाजसेवा अधीक्षक आहे, म्हणजे रेशनकार्ड, आधार, महात्मा फुले योजनेची मंजुरी, रक्ताच्या पिशव्या आणि तारखेला न आलेल्या पेशंटच्या घरी फोन लावत बसणं. ब्लड कॅन्सरमध्ये लहान मुलांना जो जास्त करून होतो, एएलएल, त्याची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते. पण महिनाभरातच बहुतेकांचा रिपोर्ट चांगला येतो, पोरगं खायला-खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं झालं बरं. तिथंच घात होतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, ती अंगावर ठेवून दवाखान्यात बसा असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

हा पोरगा वडवणीकडचा, नऊ वर्षांचा. व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधानं हातापायाच्या नसा कमजोर होतात, याचं पाऊल उचलेना, मुठीत पेला धरवेना. फिजिओवाली आली की भिंतीकडं तोंड करून झोपायचा. बाप तर वॉर्डात यायचंच टाळायचा, बाहेर झाडाखाली बसून राहायचा.

आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेचे दोघं जण आमच्याकडं येतात. हे सगळं १९८० ला अमेरिकेत फिनिक्समध्ये सुरू झालं, ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या एका मुलाला पोलिसांनी एका दिवसासाठी पोलिस बनवलं, त्यातून मेक-अ-विश उभी राहिली, भारतात ती १९९६ पासून आहे. आमच्याकडं येणारे कार्यकर्ते आईबापाला बाहेर पाठवतात आणि मुलाशी एकट्याशी बोलतात, ही पद्धत मला फार आवडते, कारण आईबाप समोर असले की पोरगं त्यांच्या सोयीचं मागतं. यानं आधी टॅब सांगितला, शेजारच्या बेडवरच्याला मिळाला होता म्हणून. मग बऱ्याच वेळानं म्हणाला, मला एसटीत कंडक्टर व्हायचंय.

बापाला हे कळलं तसा तो माझ्या टेबलापाशी आला, पहिल्यांदाच. "ताई, खरं सांगा, एवढं करायलेत म्हंजी पोरगं ऱ्हात नाही का?" इच्छा पूर्ण करणं मरणाऱ्या पोरासाठीच असतं असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि बातमीत 'अखेरची इच्छा' छापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मी त्याला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कागदावर आकृती काढून अर्धा तास समजावलं, पोरगं बरं व्हायची आशा चांगली आहे, फक्त औषध मधे सोडायचं नाही. हे आधीही सांगितलं होतंच, पण त्या दिवशी त्यानं प्रश्न विचारले.

डेपोवाल्यांनी एका फोनवर हो म्हटलं. आमच्याच ऑफिसात फाइल अडकली, कारण कुणाला तरी बॅनर आणि फोटो पाहिजे होते. तोवर आमच्या सिस्टरनं काय केलं, सलाईनच्या स्टँडला गॉजची पट्टी बांधली आणि म्हणाली, बेल मारायला हातात जोर पाहिजे. एक घंटी थांबायची, दोन निघायची. पोरगं सकाळ-संध्याकाळ पट्टी ओढायचं, मग बसमध्ये उभं राहता यावं म्हणून टाचा उचलायचं. फिजिओवालीला जे जमलं नाही ते त्या पट्टीनं केलं.

खाकी कपड्यांचं माप घेतलं तेव्हा स्टेरॉइडनं तो फुगलेला होता. ठरलेल्या दिवशी सकाळी रक्ताचा काउंट आला, एएनसी ५०० च्या खाली, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी फारच कमी, सगळं रद्द. पोरगं दिवसभर जेवलं नाही. काउंट वर यायला वेळ गेला, तोवर सूज उतरली आणि शर्ट अंगात नुसता लोंबायला लागला. त्याच्या मोठ्या बहिणीनं, असेल तेरा-चौदाची, बेडवर बसून दोन्ही बाजूंनी टाके घालून तो बरोबर बसवला.

धुतलेली रिकामी गाडी, खिडक्या उघड्या, सगळ्यांना मास्क. मध्यवर्ती बसस्थानकातून निघालो तर हा ओरडायला लागला, "पाचोड, गेवराई, बीड!" गाडी क्रांती चौकापर्यंतच जाणार होती तरी. आईला आणि सिस्टरला अर्धं तिकीट, बायांना अर्धंच असतं म्हणून. बापाकडून पूर्ण पैसे घेतले, वर सुट्टे मागितले. बाप हसला. त्या माणसाला मी तोवर हसताना बघितलं नव्हतं.

बहिणीला विचारलं कुठं जायचं, ती म्हणाली वडवणी, शाळेपुढं उतरव. नंतर मी कितवीला आहेस विचारलं तर म्हणाली, सोडली, घरी धाकटे दोघं आहेत. आमच्या फॉर्मवर पेशंटची जात, उत्पन्न, बापाचा धंदा सगळ्याला रकाना आहे, भावंडासाठी नाही. संस्थेची इच्छासुद्धा ३ ते १८ वर्षांच्या आजारी मुलासाठी, आणि ते बरोबरच आहे, पण मग हिला कुणी विचारायचं?

त्या सीझनला बाप एकटा तोडीला गेला, मुकादमाशी भांडून अर्धा कोयता, म्हणजे जोडीऐवजी एकट्याचंच काम, ठरवला, आई पोराजवळ राहिली. एकही तारीख चुकलेली नाही. पाऊल अजून थोडं घसटतं. बहिणीच्या हेडमास्तरांना मी फोन केला, ते म्हणतात जूनमध्ये पाठवा. तोवर पट्टा पडून, म्हणजे तोडीचा सीझन संपून, बाप गावी आलेला असेल, त्यालाच शाळेत पाठवणार आहे, आणि धाकट्या दोघांना अंगणवाडीत बसवता येतं का ते सेविकेला विचारून ठेवलंय.