बाल्थाझारची एन्ट्री

नववीच्या स्नेहसंमेलनात इंग्रजीच्या सरांनी 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या पाचव्या अंकातला पहिला प्रवेश बसवला होता, मराठी स्वतःच करून. मी बाल्थाझार, रोमिओचा नोकर. ज्युलिएट गेल्याची बातमी घेऊन व्हेरोनाहून मँटुआला येणारा. वाक्यं मोजून सहा. बूट मामाचे, दोन नंबर मोठे. पुढे कापूस कोंबलेला.

पहिल्या तालमीला सरांनी फळ्यावर वार लिहिले. रविवारी रात्री मेजवानीत नजरानजर, सोमवारी दुपारी लग्न, लग्नाला तास होतो न होतो तोच रोमिओच्या हातून ज्युलिएटच्या मामेभावाचा, टिबल्टचा खून, आणि गुरुवारी उजाडायच्या आत थडग्यात तीन प्रेतं. शेक्सपिअरने ज्या १५६२च्या दीर्घकवितेवरून कथा उचलली, तिच्यात हेच सगळं काही महिने चालतं. "घाई त्याने मुद्दाम घातलीय रे," सर म्हणाले.

शोकांतिकेचं कारण म्हणून दैव, घराण्यांचं वैर वगैरे लिहून आम्ही मार्क मिळवत होतो. पण तीच वाक्यं रोज कानावर पडली की भलतंच ऐकू यायला लागतं. रोमिओ आल्याआल्या मला विचारतो, पाद्रीबाबांची चिठ्ठी आणलीस? बातमी ऐकल्यावर पुन्हा तेच. मी म्हणायचं, "नाही, धनी." तो म्हणतो, "असू दे." बस्स! का आली नाही, हे विचारायचं त्याला सुचत नाही. ज्युलिएट मेलेली नाही, पाद्रीबाबांच्या औषधाने निपचित पडलीय, हे सांगणारी ती चिठ्ठी नेणारा साधू तिकडे प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेलाय, आणि हा चाळीस डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, मोजून विष घेतो. थडग्यात तिच्या ओठांवरची, गालांवरची लाली त्याला दिसते, तसं तो बोलतोही. तरी पितो. थोड्याच वेळात ती जागी होते.

त्या प्रवेशात त्याला "धीर धरा" म्हणणारा मी एकटा. पण मी तरी काय केलं होतं? तिला थडग्यात ठेवताना पाहिलं आणि तडक घोडा पिटाळला. हे लक्षात यायला मला पन्नाशी गाठावी लागली.

प्रयोगात तर कहरच. सुरुवातीला रोमिओचं स्वगत आहे: स्वप्नात आपण मेलोय, ज्युलिएट येते आणि चुंबनाने आपल्याला जिवंत करते. (सरांनी चुंबनाच्या जागी 'हाक' घातली होती, समोर पालक बसणार.) ज्युलिएट हाक मारणार, तेवढ्यात मी धावत आत. एक बूट विंगेतच राहिला. मुलं खिदळली. रोमिओ झालेला माझा मित्र गडबडून थेट चिठ्ठीवर आला.

पडदा पडला तेव्हा सर विंगेत माझा बूट घेऊन उभे होते.

"अरे, त्याचं स्वप्न तरी पुरं होऊ द्यायचंस," म्हणाले, आणि बुटातून निसटलेला कापूस परत आत कोंबू लागले.