गाडी छापून आली

आमच्या घराण्यात छापून येण्याची परंपरा फार मोठी नाही. बाबांचा मॅट्रिकचा नंबर पेपरात आला होता. नाव नाही, नुसता नंबर, तोही मुंगीएवढ्या आकड्यांच्या रांगेत. काकांचं नाव सोसायटीच्या थकबाकीदारांच्या नोटिशीत एकदा झळकलं. बाबा गेले तेव्हा आम्ही पैसे भरून चार ओळी छापून आणल्या, तर त्यात आडनावाची वेलांटी चुकली. आणि आता एकदम सहा पानं! रंगीत, गुळगुळीत कागदावर, मधल्या दोन पानांवर तर एकच फोटो आडवा पसरलेला. आणि छापून आलं कोण? तर आमची 1967 सालची जावा मोटारसायकल.

मासिक इंग्रजी. जुन्या गाड्यांनी झपाटलेल्या माणसांनी तशाच माणसांसाठी काढलेलं. संपादकांनी एक अंक भेट म्हणून पाठवला, पण एका अंकानं काय होणार? आईला एक, गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना एक, डोंबिवलीच्या मावशीला एक. म्हणून दादर स्टेशनवर शोधायला गेलो. स्टॉलवर पाण्याच्या बाटल्या होत्या, वेफर्स होते, मोबाइलच्या वायरी होत्या. मासिकं कुठे आहेत विचारल्यावर स्टॉलवाल्यानं आधी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि मग मागच्या कोपऱ्यातून गठ्ठा काढला. मी होते तेवढे अंक घेतले. त्याला वाटलं असावं, मी क्लासवाला आहे.

शेजारच्या काकांनी पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "सहा पानं? किती दिले रे त्यांनी?"

म्हटलं, "काही नाही."

"बरं. मग तुला किती द्यावे लागले?"

आता गाडीबद्दल. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. आपल्याकडे ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला आयडियल जावा कंपनीच्या म्हैसूरच्या कारखान्यात बनायला लागली. कंपनी रुस्तम इराणींची. म्हणजे डिझाइन चेक, मालक इराणी, जन्म म्हैसूरचा आणि गंज परळचा. पुढे सत्तरच्या दशकात टाकीवरचं जावा जाऊन येझ्दी आलं, 1996 मध्ये कारखानाही बंद पडला. आमची गाडी बाबांनी सेकंडहँड घेतली ती एका पारशी गृहस्थाकडून. मुंबईत जुनी गाडी घेताना "बावाजीची आहे" एवढं कळलं की माणूस इंजिन न ऐकताच खिशात हात घालतो. बाबांनीही घातला. ते लालबागच्या एका गिरणीत फिटर होते, त्यामुळे इंजिन त्यांनी नंतर ऐकलं, आणि मग आयुष्यभर ऐकत राहिले.

ज्यांनी जावा चालवलेली नाही त्यांना तिचे काही चाळे सांगायला हवेत. हिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, चालू झाली की तोच खाली आणून गिअर. गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हाताचा क्लच न दाबताही गिअर पडतो. चावी म्हणजे जवळजवळ खिळाच. अडल्यावेळी खऱ्या खिळ्यानंही काम भागवलेली माणसं मला माहीत आहेत. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. टू-स्ट्रोक असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, लिटरला 40 मिलिलिटर आमचं माप. हल्ली पंपावरच्या पोरांना हे सांगितलं की ती मॅनेजरला बोलावतात.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गाडीचं रूप पालटायला लागलं. आधी मागे अँगलचं कॅरिअर लागलं, कारण बाबा पहाटे बेकरीतून पावाच्या लाद्या उचलून हॉटेलांना टाकायला लागले. दुपारी त्याच कॅरिअरवर शिलाईचे गठ्ठे. वजनानं मागचा मडगार्ड चिरला, तिथे पत्र्याची पट्टी आली. पाण्याच्या पाइपातून वाकवलेला क्रॅशगार्ड आला. कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न आला. त्याच्या आवाजानं भोईवाड्यात एक म्हातारे गृहस्थ खरोखरच खाली बसले होते. रंग उडाला तेव्हा बाबांनी गिरणीतल्या मशिनांना मारतात तो हिरवा ऑइलपेंट कुठूनतरी पैदा केला आणि गॅलरीत उभं राहून ब्रशनं मारला. ब्रशचे केस रंगात तसेच राहिले. लोक गाडीला "एसटी" म्हणायचे. एसटीचा रंग लाल, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

आणि साडी गार्ड. तो मात्र संपाच्या आधीपासून होता. आई एका बाजूला पाय सोडून बसायची, मांडीवर कधी मी, कधी भाजीची पिशवी, आणि भाद्रपदात चिंचपोकळीहून घरी येईपर्यंत रुमालानं तोंड झाकलेला गणपती. गणपती मांडीवर असताना बाबा दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नसत. मागून बेस्टची बस कितीही भोंगा वाजवो.

मग ती बरीच वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत होती. मुंबईची खारट हवा लोखंडाला सुखानं झोपू देत नाही. ताडपत्री काढली तेव्हा चाकाच्या रिमला बोट लावलं तर पापुद्रा सुटून हातात आला.

माझगावच्या एका गल्लीत मिस्त्री बसतात. मूळचे चिपळूणकडचे, हयात दोन चाकांच्या सोबतीत गेलेली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पिस्टन जाम झालाय हे किकवर नुसता पाय ठेवून सांगितलं आणि विचारलं, "चालवायला पाहिजे का दाखवायला?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मग दोन्हीचे पैसे लागतील."

त्यानंतर मला मुंबईचा एक वेगळाच नकाशा पाठ झाला. बेअरिंग आणि ऑइल सील नागदेवी स्ट्रीटला. हेडलाइटची काच चोरबाजारात, तीही शुक्रवारी पहाटे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जीकोव्हचा कार्ब्युरेटर मिळेल असं कुणी सांगितलं, तिथल्या दुकानदारानं "जीकोव्ह? तुमच्या जन्माआधी या" असं म्हणत शेवटी गोणीच्या तळातून एक काढून दिलाच. सिलिंडर बोअर झाला, ओव्हरसाइज पिस्टन बसला, क्रँक प्रेसवर खोलून नवा रॉड पडला. क्रोमवाल्यानं रिमा आणि टाकीच्या बाजू आधी तांब्यात, मग निकेलमध्ये आणि शेवटी क्रोममध्ये बुडवल्या. त्यानं मला हेही बजावलं की क्रोमची चमक ही खरी निकेलच्या खालच्या घासकामाची असते, लोक मात्र उगाच क्रोमचं कौतुक करतात.

पण मी सर्वात जास्त वेळ रेंगाळलो तो पेंटरकडे. त्यानं टाकी खरवडायला घेतली तेव्हा आधी हिरवा निघाला. त्याखाली काळा, हा बहुधा पारशी गृहस्थांचा. त्याखाली लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, पांढरट थर, आणि त्याच्याही खाली, टाकीच्या पोटाशी, नखाएवढ्या जागेत मूळचा गर्द मरून. त्या नखाएवढ्या तुकड्यावरून त्यानं शेड जुळवली. सोनेरी रेघा ओढायला जो माणूस आला तो पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून पाट्या गेल्या. आता वर्षाला चार-दोन जुन्या गाड्या त्याच्या वाट्याला येतात. लांब केसांचा ब्रश, पट्टी नाही, टेप नाही. रेघ ओढताना तो श्वास धरायचा आणि आम्हीही धरायचो. रेघ संपली की सगळ्या गॅरेजनं एकदम श्वास सोडला आणि चहा सांगितला.

दरम्यान, काढलेलं सामान मिस्त्री एका गोणीत टाकत होते: अँगलचं कॅरिअर, पाइपचा क्रॅशगार्ड, ट्रकचा हॉर्न, पत्र्याची पट्टी, साडी गार्ड. "यातलं काही कंपनीचं नाही," ते म्हणाले. बरोबरच होतं.

फोटोसाठी रविवारी पहाटे बॅलार्ड इस्टेट ठरलं. गेटवे ऑफ इंडिया बांधणाऱ्या जॉर्ज विटेटच्या हाताखालून गेलेल्या त्या दगडी इमारती, रिकामे रस्ते, झाडांमधून तिरपं येणारं ऊन. फोटोग्राफर मुलगा मेहनती होता. रस्त्यावर आडवा पडून त्यानं तासन्‌तास फोटो काढले. नो पार्किंगची पाटी फ्रेममध्ये यायची म्हणून गाडी सरकवली, कुत्रं येऊन बसलं म्हणून पुन्हा सरकवली. सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर निघालेला त्याला हवा होता, म्हणून मिस्त्रींनी रेस करून दिली. पण इंजिनाखाली पडणारा तेलाचा थेंब त्याला नको होता. त्यानं आधी खाली टिश्यू ठेवून पाहिला, मग म्हणाला, "राहू द्या सर, कॉम्प्युटरवर काढून टाकू." मिस्त्रींना हे फार लागलं. थेंब टाकत नसेल तर आत ऑइलच नाही, असं त्यांचं शास्त्र आहे.

अंक हातात आल्यावर मी तो मधला फोटो पुष्कळ वेळ पाहिला. पासपोर्टवर असतो ना आपला फोटो, सगळं बरोबर, कान दिसतायत, चष्मा काढलेला, आणि तरी घरचा कुणी ओळखेल की नाही शंका वाटावी असा. तशी ती दिसत होती. शेजारी माहितीचा चौकोन: 249 सीसी, टू-स्ट्रोक, चार गिअर, 12 अश्वशक्ती. किती माणसं बसायची, लाद्या किती मावायच्या, यासाठी चौकोनात रकाना नव्हता. लेख लिहिणाऱ्या बाईंनी मला फोनवर तीन-चारदा विचारलं होतं, गाडी किती टक्के ओरिजिनल आहे? त्यांच्या दृष्टीनं प्रश्न अगदी रास्त. म्हैसूरच्या कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती जशी होती, तशी आज आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, बरीचशी आहे. पण त्या दिवशी तिला आमच्या घरातलं कुणी ओळखत नव्हतं. आम्ही तिला ओळखायला लागलो ते तिच्यातलं ओरिजिनल एकेक करून कमी व्हायला लागल्यावर.

हे मी हळवा होऊन सांगत नाही. तो हिरवा रंग भयानक होता आणि पुन्हा संधी मिळाली तरी मी तो खरवडायलाच देईन. फक्त आमच्या गाडीची सहा पानं ज्या दिवसाबद्दल आहेत, तो दिवस आमचा नाही, एवढंच.

सरकारचीही ओढ त्याच दिवसाकडे आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनं, मूळ रूपात जपलेलं, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेलं वाहन "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येतं. पण मग ते प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायचं. रोजच्या वापराला नाही. म्हणजे गणपती आणायला नाही, भाजीला तर नाहीच. मी अजून अर्ज केलेला नाही. भाजी मीच आणतो.

आईनं अंक दिव्याखाली नेला, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फोटो पाहिले. मग पुन्हा मागे आली. म्हणाली, "छान झाली रे. पण माझी बसायची जागाच काढून टाकलीस की."

"सीट आहे ना आई."

"सीट आहे. पदर कुठे जाईल?"

आता आईचे गुडघे पाहता ती त्या सीटवर पुन्हा चढेल असं नाही. पण मुद्दा तिचा बरोबर होता. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतसुद्धा मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं कवच सांगितलेलं आहे. मी माझगावला गेलो. गोणी तिथेच होती, तिच्यावर मिस्त्रींचं मांजर झोपलेलं. साडी गार्ड काढला, घासून काळा केला. मडगार्डला भोक न पाडता पट्ट्यांवर बसवायचा, एवढीच पेंटरची अट.

तो बसत असतानाच मी मिस्त्रींना पुढच्या महिन्याच्या अंकातलं पत्र वाचून दाखवलं. कोण्या जाणकार वाचकानं लिहिलं होतं: गाडी देखणी आहे, परंतु इंजिनाच्या उजव्या कव्हरचा खालचा स्क्रू अधिकच्या (+) खाचेचा दिसतो, या मॉडेलला सरळ खाचेचे असत, मालकांनी लक्ष घालावं. मी वाकून पाहिलं. बाकीचे सरळ खाचेचे, तो एकच वेगळा. माझगावातला तर नव्हताच, कारण मिस्त्री असले स्क्रू ठेवत नाहीत. गिरणीच्या स्टोअरमध्ये मात्र ते शेराच्या हिशेबानं मिळायचे, असं बाबा सांगायचे.

"बदलायचा का?" मी विचारलं.

मिस्त्री साडी गार्डचा नट आवळत होते. वर न बघता म्हणाले, "त्या पत्रवाल्याला म्हणावं, ये इथे. त्याचे सगळे सरळ खाचेचे स्क्रू घेऊन ये. आणि पावसाळ्यात सकाळी एका किकमध्ये चालू करून दाखव. मग बघू."